वासुदेव गायतोंडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वासुदेव गायतोंडे कोण होते?

वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) हे भारतातील आधुनिक अमूर्त चित्रकलेच्या अग्रणींपैकी एक होते. जन्म नागपूरचा, घराणे मूळचे गोव्याचे, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षे दिल्लीत, असा त्यांचा थोडक्यात प्रवास सांगता येतो. १९५७ मध्ये टोकियो येथे तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९७१ मध्ये पद्मश्री. हा तपशील कोणत्याही परिचयपत्रात सापडतो. ज्या गोष्टीमुळे त्यांचे नाव घ्यावे लागते ती मात्र या यादीत बसत नाही. कॅनव्हासवर रंग चढवण्याइतकाच तो उतरवण्याला आणि काम करण्याइतकेच थांबण्याला महत्त्व देणारी स्वतःची अशी एक पद्धत त्यांनी घडवली आणि सुमारे चार दशके ती सोडली नाही. पुढील बहुतेक उत्तरे फिरून याच पद्धतीकडे येतात, कारण गायतोंड्यांविषयीचे गैरसमज बव्हंशी ती ठाऊक नसल्यामुळेच निर्माण झालेले आहेत.

त्यांना नागपूरचे म्हणावे, गोव्याचे की मुंबईचे?

तिन्ही ठिकाणचे लोक त्यांच्यावर हक्क सांगतात आणि तिघांचेही म्हणणे खरे आहे. २ नोव्हेंबर १९२४ रोजी त्यांचा जन्म नागपूर येथे झाला. आडनावावरूनच गोमंतकीय मूळ स्पष्ट होते. परंतु चित्रकार म्हणून ते घडले ते मुंबईत, गिरगावातील चाळीच्या वस्तीत. मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलाने चाळीशीच्या दशकात चित्रकलेवर पोट भरण्याची भाषा करणे वडीलधाऱ्यांना रुचण्यासारखे नव्हते आणि त्यांच्या घरातही या निवडीला विरोध झाला. पुढे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी ‘एकांतप्रिय’ हे विशेषण इतके सढळपणे वापरले आहे की जणू ते जन्मतःच विरक्त होते. गिरगावातील चाळीत वाढलेल्या माणसाला एकांत आयता मिळत नाही, तो मिळवावा लागतो, एवढे तरी हे विशेषण वापरताना लक्षात ठेवावयास हवे.

मित्रमंडळी त्यांना ‘गाय’ म्हणत. इतर भाषकांच्या दृष्टीने ते आडनावाचे सोयीचे संक्षिप्त रूप असेल. मराठी कानाला त्यात जी गंमत ऐकू येते ती त्यांनाही ऐकू येत असणारच.

जे. जे. मध्ये त्यांनी काय शिकले? सुरुवातीपासूनच ते अमूर्त चित्रे काढत होते का?

नाही. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. ची पदविका घेतली, तेव्हा तेथे दोन प्रवाह शेजारीशेजारी वाहत होते. एकीकडे युरोपीय अकादमिक पद्धतीचे व्यक्तिचित्रण व निसर्गचित्रण आणि दुसरीकडे जगन्नाथ अहिवासी यांच्या वर्गातून रुजलेली भारतीय शैली, म्हणजे लघुचित्रांची रेषा, सपाट रंग आणि भित्तिचित्रांची मांडणी. गायतोंड्यांचा ओढा दुसऱ्या प्रवाहाकडे होता. शंकर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. जैन हस्तलिखितांतील चित्रे आणि बसोहली शैलीतील पहाडी लघुचित्रे यांचा ठसा त्यांच्या सुरुवातीच्या कामावर स्पष्ट दिसतो. त्या काळातील चित्रांत माणसे आहेत, पक्षी आहेत, ठळक बाह्यरेषा आहे आणि शुद्ध, सपाट रंग आहेत.

हा टप्पा घाईने ओलांडला जातो, पण तो महत्त्वाचा आहे. लघुचित्रकाराचा रंग हा पातळ थरांचा, घोटून घोटून उजळ केलेला असतो. पुढे आकृती गेली, रेषाही जवळजवळ गेली. थरांतून रंग उजळवण्याची ती जाण मात्र त्यांच्या हातात राहिली, असे त्यांची उत्तरकाळातील चित्रे जवळून पाहताना सारखे वाटत राहते.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत ते होते का?

ही चूक पुन्हा पुन्हा छापली जाते. मुंबईतील नव्या कलावंतांचा हा गट १९४७ मध्ये स्थापन करणारे सहा जण होते: एफ. एन. सूझा, एस. एच. रझा, एम. एफ. हुसेन, के. एच. आरा, एच. ए. गाडे आणि शिल्पकार एस. के. बाक्रे. गायतोंडे त्या गटात १९५० मध्ये आले. तोवर सूझा आणि रझा युरोपच्या वाटेला लागले होते व गटाची पहिली धग ओसरू लागली होती. गटाचे काही लिखित सौंदर्यशास्त्र होते असेही नाही. अकादमिक साचा आणि भावुक पुनरुज्जीवनवाद (जुन्या भारतीय शैली तशाच पुन्हा आणण्याचा आग्रह) या दोहोंना नकार, इतकाच समान धागा होता. गायतोंड्यांना तेथून शैली मिळाली नाही, सोबत मिळाली. त्या वेळच्या मुंबईत व्हाल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यासारखी, युरोपातील संहारातून निसटून येथे आलेली मंडळी नव्या चित्रकारांना उत्तेजन देत होती, पुस्तके आणि प्रतिकृती दाखवत होती, चित्रे विकतही घेत होती. आधुनिक युरोपीय कलेशी तरुण चित्रकारांची गाठ पडण्याचा हा एक मोठा मार्ग होता.

आकृती त्यांच्या चित्रांतून केव्हा आणि कशी नाहीशी झाली?

एका दिवसात नव्हे. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा खोल प्रभाव पडला. क्लेची रेषा एखाद्या वस्तूची कड दाखवण्यासाठी धावत नाही, ती आपल्याच नादात चालते. गायतोंड्यांच्या त्या काळातील चित्रांत मानवाकृती आहेत, पण त्या भौमितिक तुकड्यांत विभागलेल्या, पार्श्वभूमीत मिसळू पाहणाऱ्या आहेत. मग आकृती चिन्हापुरती उरली. दशकाच्या अखेरीस, साधारण १९५७ ते १९५९ या काळात, चिन्हही गळून पडले आणि रंगाचा विस्तार, त्यावर तरंगणारे काही पुंज आणि काही आडव्या हालचाली एवढेच शिल्लक राहिले.

या क्रमाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. येथे एखादा सिद्धांत आधी स्वीकारून त्यानुसार चित्रे बदललेली दिसत नाहीत. एकेक गोष्ट काढून टाकून चित्र उभे राहते का, हे तपासलेले दिसते. राहते असे दिसल्यावर ती गोष्ट परत आणलेली नाही.

‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता, हे खरे आहे का?

होय, आणि हा केवळ शब्दच्छल नव्हता. आपल्या चित्रांना ‘ॲबस्ट्रॅक्ट’ न म्हणता ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह असे. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ या शब्दात एखाद्या मूळ गोष्टीतून काहीतरी काढून घेतल्याचा अर्थ आहे. डोंगर पाहिला, त्याचा तपशील गाळला, त्रिकोण उरला, तर तो त्रिकोण डोंगराचा सारांश झाला. गायतोंड्यांच्या परिपक्व चित्रांमागे असा कोणताही डोंगर नाही. बाहेरची वस्तू आधारालाच घेतलेली नसते, त्यामुळे ‘हे कशाचे चित्र आहे?’ हा प्रश्न तेथे लागू पडत नाही.

मराठीतील ‘अमूर्त’ हा शब्द या बाबतीत इंग्रजी शब्दापेक्षा थोडा बरा म्हणावा लागेल, कारण त्यात ‘मूर्ती नसलेले’ एवढेच आहे, ‘कशातून तरी काढलेले’ असे नाही. म्हणून या लेखनात तो वापरला आहे.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. न्यूयॉर्कचे गुगनहाइम म्युझियम १९३९ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे नावच ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ असे होते आणि रशियन चित्रकार कँडिन्स्की हा त्या संग्रहाचा कणा होता. गायतोंड्यांचे सर्वांत मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन पुढे याच संग्रहालयात झाले.

त्यांचे चित्र प्रत्यक्षात कसे तयार होई?

याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण सगळी किल्ली येथेच आहे.

साधन म्हणून ब्रश त्यांनी हळूहळू मागे टाकला. ब्रशचा फटकारा हा हाताची सही असतो. त्यावरून चित्रकाराचा वेग, जोर, मनःस्थिती सगळे कळते. त्यांना ते नको होते. त्याऐवजी घराच्या भिंती रंगवणारे वापरतात तसा रोलर आणि रंग पसरवण्याची व खरवडण्याची सुरी, ज्याला जे. जे. च्या आवारात नुसते ‘नाइफ’ म्हणतात, ही त्यांची मुख्य हत्यारे झाली. तैलरंग पातळ करून कॅनव्हासवर थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा थर, मग सुरीने काही भाग खरवडून खालचा रंग वर आणायचा, पुन्हा थर. कधी कॅनव्हासवरचा ओला रंग नाइफने ओढला जाई आणि त्याची बारीक धार मागे राहत असे.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून यात आणखी एक क्रिया आली. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे कागद फाडून किंवा कापून, त्यांना रंग लावून ते कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलून घ्यायचे. कागद गेला की मागे एक ठसा राहतो, पण कडेला तुटक, मध्ये विरळ, कोठे गडद. पाहणाऱ्याला वाटते की ही एखाद्या हरवलेल्या लिपीतील अक्षरे आहेत. ती अक्षरे नाहीत. तेथे होता तो कागद आता नाही, एवढीच त्यांची कथा आहे. ठसा कोठे आणि कसा उमटेल यावर चित्रकाराचे पूर्ण नियंत्रण नसते, पण तो ठेवायचा की पुढच्या थराखाली बुजवायचा, हा निर्णय सर्वस्वी त्याचाच असतो. अपघात आणि निवड यांचा असा संसार त्यांच्या प्रत्येक मोठ्या चित्रात आहे.

एका दालनात मी त्यांच्या सत्तरच्या दशकातील एका करड्या चित्रापुढे बराच वेळ उभा होतो. दहा पावलांवरून ते पावसाळ्यातील आभाळासारखे सलग दिसत होते. तीन पावलांवर आल्यावर त्या करड्यात खाली दडलेला तपकिरी आणि त्याच्याही खाली जुनाट पितळेसारखा पिवळा रंग दिसू लागला. अगदी जवळ, रखवालदाराने खाकरून इशारा देण्याइतक्या जवळ गेल्यावर, एका ठशाच्या काठाशी रंगाचा केसाइतका बारीक उंचवटा आढळला; कागद उचलताना त्याच्याबरोबर वर ओढला गेलेला रंग तसाच वाळला होता. छापील प्रतिकृतीत हा उंचवटा दिसत नाही.

ते इतकी कमी चित्रे का काढत?

वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास, कधी त्याहूनही कमी, एवढाच त्यांचा वेग होता. समकालीनांपैकी हुसेन यांची अफाट निर्मिती डोळ्यांसमोर ठेवली तर हा आकडा फारच लहान वाटतो. आळस किंवा ‘स्फूर्तीची वाट पाहणे’ असे याचे स्पष्टीकरण दिले जाते, ते अपुरे आहे. एक तर पद्धतच वेळखाऊ होती: तैलरंगाचा थर वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही आणि जाड थर असेल तर दिवसेंदिवस थांबावे लागते. दुसरे म्हणजे, रंगवण्यापेक्षा पाहत बसण्यात त्यांचा जास्त वेळ जाई. कोऱ्या किंवा अर्ध्या कॅनव्हाससमोर बसून राहणे हा त्यांच्या दृष्टीने कामाचाच भाग होता. १९९१ मध्ये दिलेल्या एका मुलाखतीत सर्व काही शांततेपासून सुरू होते, ब्रशच्या, कॅनव्हासच्या, नाइफच्या शांततेपासून, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत. ही वाक्ये आता भिंतीवर लावण्याच्या सुविचारांसारखी फिरवली जातात. त्यांच्या बाबतीत मात्र तो रोजच्या कामाचा शब्दशः अहवाल होता.

मार्क रॉथको या अमेरिकी चित्रकाराची त्यांनी नक्कल केली, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

हा आक्षेप बहुधा दोघांची चित्रे मोबाइलच्या पडद्यावर शेजारीशेजारी पाहून घेतला जातो. तारखा पाहिल्या तर त्याचा जोर कमी होतो. गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, चेल्सी हॉटेलमध्ये राहिले, तेथे त्यांनी अमेरिकी अमूर्त चित्रकला प्रत्यक्ष पाहिली आणि रॉथको यांची भेटही घेतली. पण आकृती सोडण्याचा त्यांचा निर्णय त्याआधी निदान पाच वर्षे मुंबईत झालेला होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचे १९६२ मधील एक चित्र आहे. ते या प्रवासापूर्वीचे आहे. मॉरिस ग्रेव्ह्‌स हा अमेरिकी चित्रकार मुंबईत त्यांची चित्रे पाहून इतका प्रभावित झाला की त्याने न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला पत्र लिहून त्यांची शिफारस केली, आणि तुलना केली ती रॉथकोशीच. म्हणजे तुलना जुनी आहे, पण तिचा मूळ हेतू गौरवाचा होता.

साम्य आहे ते मोठ्या रंगविस्तारात आणि ध्यानमग्न वातावरणात. फरक जास्त मूलभूत आहे. रॉथकोचे धूसर कडांचे आयत ब्रशने, पातळ रंग मुरवत घडवलेले आहेत आणि ते पाहणाऱ्याला भावनेच्या गाभ्यात ओढू पाहतात. शोकांतिका हा त्याचा आवडता विषय होता. गायतोंड्यांच्या चित्रात शोकही नाही आणि उत्सवही नाही. तेथे पृष्ठभागावर काहीतरी आहे, त्याखाली काहीतरी आहे, आणि दोहोंच्या मध्ये नजर तरंगत राहते. अमेरिकेने त्यांना काही दिले असेल तर तो कॅनव्हासच्या आकाराविषयीचा धीटपणा असावा. परतल्यानंतर, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, त्यांनी आडवा कॅनव्हास जवळपास सोडून उभा स्वीकारला. साधारण माणसाच्या उंचीइतका, सुमारे ७० इंच बाय ४० इंच, हे माप त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येते. आडव्या चित्रात क्षितिजाचा भास टळत नाही आणि क्षितिज आले की निसर्गचित्र डोकावू लागते; उभ्या चित्राने तो मार्गच बंद केला.

भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटचा उल्लेख त्यांच्या संदर्भात वारंवार का येतो?

मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राकाठी असलेल्या भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात पन्नाशी-साठीच्या दशकांत कलावंतांना नाममात्र भाड्यात काम करायला जागा मिळत असे. एकाच छताखाली चित्रकारांचे स्टुडिओ, इब्राहिम अल्काझी यांच्या थिएटर युनिटच्या तालमी आणि रवि शंकर यांची संगीतशाळा, असा तो अड्डा होता. हुसेन तेथे काम करीत, प्रफुल्ला डहाणूकर यांचा स्टुडिओ तेथे होता आणि गायतोंडेही तेथेच. चाळीतील खोलीत पाच-सहा फुटी कॅनव्हास उभा करता येत नाही, ही साधी गोष्ट कलेच्या इतिहासात क्वचित लिहिली जाते. अमूर्त चित्रकलेला तत्त्वज्ञान लागते तशी भिंतही लागते. ती त्यांना येथे मिळाली. शिवाय समोर समुद्र होता, जो ते तासन्‌तास पाहत बसत. पुढे ही संस्था बंद पडली, बंगला पाडला गेला आणि त्या जागी उंच इमारत उभी राहिली. रस्त्याला मात्र भुलाभाई देसाईंचे नाव आहे.

झेन, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. मग त्यांच्या चित्रांना आध्यात्मिक चित्रे म्हणावे का?

प्रभाव होता, हे निश्चित. साठच्या दशकापूर्वीच झेन बौद्ध विचाराशी त्यांचा परिचय झाला होता आणि महर्षी व कृष्णमूर्ती यांचे वाचन त्यांनी आयुष्यभर केले. पण चित्रांना ‘आध्यात्मिक’ म्हणण्यात एक धोका आहे. त्याच काळातील भारतीय अमूर्त कलेत बिंदू, यंत्र, मंडल, बीजाक्षरे अशी धार्मिक चिन्हे सर्रास आली. गायतोंड्यांनी त्यांपैकी एकही उचलले नाही. झेनमधून त्यांनी घेतले ते आचरण: कमी करणे, कमी बोलणे, हातातील कामात पूर्ण असणे. ते चित्राच्या विषयात शोधू गेल्यास सापडणार नाही. माझ्या मते त्यांना साधक ठरवण्याच्या उत्साहात आपण त्यांच्यातील कारागीर विसरतो, आणि हे नुकसान मोठे आहे.

दिल्लीतील वर्षांविषयी काय सांगता येईल?

१९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागात, दिल्लीत जिला बरसाती म्हणतात तशा गच्चीवरच्या लहानशा जागेत राहू लागले. अविवाहित होते, गरजा मोजक्या होत्या. पुस्तके, हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत, सिनेमा एवढे त्यांना पुरत असे. रामकुमार, कृष्ण खन्ना या चित्रकारांसारखे मोजके मित्र होते. सत्तरचे दशक हे त्यांच्या कामातील सर्वांत समृद्ध दशक आहे, असे बहुतेक जाणकार मानतात आणि त्याला विरोध करण्याचे कारण दिसत नाही.

१९८४ मध्ये त्यांना गंभीर अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर आणि नाइफ चालवणे हे शरीराचे काम असते, आणि ते काही वर्षे थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या थोड्याशाच खुणा, पूर्वेकडील सुलेखनाची आठवण करून देणाऱ्या. मोठ्या चित्रांच्या तुलनेत ही रेखाटने दुर्लक्षित राहिली आहेत. वस्तुतः तेथे थर नाहीत, खरवडणे नाही, चूक झाकण्याची सोय नाही. त्यांचा हात मुळात किती नेमका होता हे पाहायचे असेल तर तेथेच पाहावे. नंतर ते कॅनव्हासकडे परतले आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत रंगवत राहिले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची चित्रे एवढ्या किमतीला का विकली जातात?

१९ डिसेंबर २०१३ रोजी क्रिस्टीज या लिलावसंस्थेचा भारतातील पहिला लिलाव मुंबईत झाला आणि त्यात गायतोंड्यांचे १९७९ मधील एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. डिसेंबर २०१५ मध्ये १९९५ मधील चित्राने २९.३ कोटींचा टप्पा गाठला. त्यानंतरही विक्रम मोडत राहिले. बाजाराच्या दृष्टीने कारण सोपे आहे: चित्रे थोडी, त्यांतील बरीच संग्रहालयांत अडकलेली आणि २०१४ च्या गुगनहाइम प्रदर्शनाने जगभर नाव झालेले. थोडी चित्रे आणि मोठ्या किमती म्हटल्यावर बनावट चित्रांचा सुळसुळाटही ओघाने आलाच. ज्याच्या खरेदीचा मागचा इतिहास कागदोपत्री सांगता येत नाही, असे ‘स्वस्तात मिळणारे गायतोंडे’ दिसल्यास हात आखडता घ्यावा.

बातम्यांत मात्र आकडाच उरतो. कोटींचा आकडा ऐकून चित्र पाहायला गेलेला माणूस चित्रात आकडा शोधतो, तो सापडत नाही, आणि मग पुढचा प्रश्न येतो.

‘असे तर माझा मुलगाही काढेल’ याला काय उत्तर द्यावे?

वाद घालू नये. मुलाला एक रोलर, थोडा तैलरंग आणि जुने वर्तमानपत्र द्यावे. रंगाचे दोन थर एकमेकांत मिसळून चिखल होऊ न देता एकावर एक ठेवणे, आणि कागद उचलल्यावर उरलेला ठसा नेमका कोणत्या क्षणी पुरेसा आहे हे ओळखणे किती अवघड आहे, ते अर्ध्या तासात दोघांनाही कळेल. मुलाला मजा येईल हेही खरे.

आणि चित्र समजत नाही याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. भीमपलासाच्या आलापीचा ‘अर्थ’ कोणी विचारत नाही. स्वर लागतो आहे की नाही, हे ऐकणाऱ्याला उमगते. गायतोंड्यांच्या चित्रासमोर तसेच उभे राहावे: प्रथम लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून. एका चित्राला निदान दहा मिनिटे द्यावीत. पहिल्या दोन मिनिटांत काहीही घडणार नाही, हे गृहीत धरावे.

त्यांची चित्रे कोठे पाहता येतात?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन आर्ट फाउंडेशनच्या संग्रहात त्यांची महत्त्वाची चित्रे आहेत आणि २०१९ मध्ये तेथे त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शनही भरले होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही ती आहेत. होमी भाभा यांनी तरुण भारतीय चित्रकारांची कामे संस्थेसाठी जमवण्याची जी दूरदृष्टी दाखवली त्याचे हे फळ आहे, मात्र ती संस्था सर्वांना केव्हाही खुली असणारे संग्रहालय नाही. दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. संग्रहालये भिंतीवरील चित्रे आलटूनपालटून लावतात, तेव्हा खास त्यांच्यासाठी जायचे असल्यास आधी विचारून जाणे चांगले.

गुगनहाइममधील प्रदर्शन ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात झाले. संधिनी पोद्दार यांनी ते सिद्ध केले होते आणि सुमारे तीस संग्रहांतून ४५ कामे एकत्र आणली होती. नंतर ते व्हेनिसलाही गेले. भारतातून गेलेल्या आणि बहुतांश भारतातच विखुरलेल्या या चित्रांचे एवढे मोठे एकत्रित दर्शन मुंबईकरांना किंवा नागपूरकरांना घरबसल्या घडले नाही, याची खंत वाटते.

चित्रांना नावे का नाहीत? आणि सही कोठे असते?

सुरुवातीच्या काही चित्रांना नावे आहेत. नंतर ‘पेंटिंग’ हा शब्द आणि पुढे एखादा क्रमांक, आणि त्याहीनंतर तेसुद्धा नाही. नाव दिले की पाहणारा चित्रात ते नाव शोधत बसतो. सूचीकारांची यामुळे मोठी पंचाईत होते: ‘शीर्षकहीन, १९७३’ अशा नोंदी एकाखाली एक येतात आणि चित्र ओळखायचे ते साल, माप आणि रंग यांवरूनच.

सहीची गोष्टही तशीच. परिपक्व काळातील चित्रांवर पुढच्या बाजूला ती बहुधा आढळत नाही, कारण कोपऱ्यातील नाव हाही त्या पृष्ठभागावरचा एक आकारच झाला असता. कॅनव्हास उलटा केला की मागच्या कोऱ्या कापडावर ती असते, एकदा रोमन लिपीत सालासह, आणि कित्येकदा त्याच्या जोडीला देवनागरीत.